घरचा खांदा

महाडहून एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका वजनकाट्यावर मी काम करतो. ट्रक काट्यावर येतो, थांबतो, आकडा थोडा वरखाली होतो आणि मग स्थिर होतो. स्थिर झाल्याशिवाय मी तो घेत नाही. आधी भरलेल्या गाडीचं वजन, मग माल उतरवून परत आलेल्या रिकाम्या गाडीचं. वजाबाकी म्हणजे माल. इतकी वर्षं हे केल्यावर जगातल्या पुष्कळ गोष्टी मला वजाबाकीसारख्याच दिसायला लागल्या आहेत. स्वतःच्या अंगात रिकामी गाडी किती आणि माल किती, हे मात्र पन्नाशी उलटेपर्यंत मी पाहिलं नव्हतं.

ते पाहायची वेळ डोलीने आणली.

आमची मूळ वाडी पोलादपूरच्या पलीकडे डोंगराच्या माथ्यावर आहे. घरं थोडी, गुरं जास्त. रस्ता मंजूर आहे, अर्धा खणलाही होता. एका पावसाळ्यात वरची दरड त्याच्यावर येऊन बसली आणि काम तिथेच राहिलं. त्यामुळे ज्याला चालवत नाही त्याला आजही डोलीतूनच खाली आणावं लागतं. डोली म्हणजे एक जाड बांबू आणि त्याला दोन्ही टोकांना बांधलेली घोंगडी. माणूस घोंगडीत आडवा होतो, बांबूखाली पुढे दोघं आणि मागे दोघं. वाडीचा नियम असा की घरटी एक खांदा द्यायचा. आणि अगदी पुढचा खांदा आजाऱ्याच्या घरचा. हे कुठे लिहिलेलं नाही. जुनी माणसं म्हणतात, पाय कुठे टाकायचा ते पुढचा ठरवतो, म्हणून तो घरचाच हवा.

आमच्या घरात वर आता आई एकटीच राहते. शेजारी चुलत भाऊ आहे, माझ्याहून धाकटा. त्याच्या म्हशी, त्याची शेती, आणि आईकडेही तोच बघतो. पण घर वेगळं, चूल वेगळी. आमच्या घरचा खांदा म्हणजे मी.

दोन वर्षांपूर्वी गणपती झाल्यावर मी वर गेलो असताना शेजारची एक वहिनी गोठ्यात घसरून पाय मोडून बसली. डोली बांधली. मीही बांबूखाली शिरलो. पहिलं वळण झालं. दुसऱ्या वळणावर माझ्या छातीत भाता चालू झाला आणि डोळ्यांपुढे पांढरं दिसायला लागलं. चुलत भावाने काही न बोलता माझ्या खांद्यावरून बांबू स्वतःच्या खांद्यावर घेतला. पुढे ओला कातळ होता, म्हणून सगळ्यांनी तिथेच चपला काढून ठेवल्या होत्या.

"दादा, तू चपला घे न् मागनं ये," तो म्हणाला.

डोलीतून वहिनीचा आवाज आला. मोडका पाय धरून कण्हत होती, तरी बोललीच. "त्याला चपलांचं वजन तरी झेपंल का, बघा रे!"

चौघं हसले. हसताना डोली हलली आणि ती ओरडली. मी चपला पोटाशी धरून मागून उतरलो.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर डोळे तपासणारी काही माणसं चालत वाडीवर आली. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. त्यांनी सांगितलं, एका डोळ्याचं ऑपरेशन पावसाआधी करून घ्या, उशीर केलात तर अवघड होईल. पावसात आमची वाट बंदच असते, म्हणजे मुदत उन्हाळ्यापर्यंतची. आईला तेव्हा उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. अंगणात कोणी आलं तर ती पावलांवरून ओळखायची, म्हशी घंटेवरून.

मी म्हटलं, "आये, डोली बांधू. दवाखाना माझ्याकडे लागला."

"पुढं कोण?" तिने विचारलं.

चुलत भाऊ म्हणाला, "काकी, मी हाय ना."

"तू तुझ्या घरचा. माझ्या घरचा कोण?" मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाच्या जागेकडे तोंड करून म्हणाली, "तुझा खांदा दोन वळणांचा. बाकीची वळणं मी काय देवाच्या खांद्यावर उतरू? मेल्यावर कोण पण खांदा देतं रे. जित्तेपणी घरचा पायजे."

तिला समजावणं कोणाला जमलेलं नाही. वडिलांनाही नाही. म्हणजे हिशोब सरळ होता. मी पावसाआधी पुढचा खांदा झालो तर तिला दिसेल, नाही झालो तर नाही दिसणार.

मुलीने पुण्याहून फोनवर सांगून मला एक अॅप घ्यायला लावलं. ते म्हणे माणसाच्या मनापासून सुरुवात करून अंगाचं वजन उतरवतं. मराठीत होतं, पण ती मराठी कोणीतरी दुसऱ्या भाषेतून उचलून आणून घाईने खाली ठेवल्यासारखी वाटायची. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, तुम्हाला वजन का कमी करायचं आहे? खाली पर्याय होते: आरोग्य, दिसणं, कपडे, समारंभ, इतर. मी 'इतर' दाबलं आणि लिहिलं, डोली. त्याने विचारलं, हे तुमच्यासाठी महत्त्वाचं का आहे? मी लिहिलं, आईला खाली आणायचंय. त्याने पुन्हा विचारलं, का? बाहेर काट्यावर एक ट्रक हॉर्न वाजवत होता. मी लिहिलं, तिला दिसावं म्हणून. तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं. 'अभिनंदन! तुम्हाला तुमचं "का" सापडलं,' असं आलं आणि पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडला. मला हसू आलं. मग थोडा वेळ हसू येईना.

त्या दिवशी माझं वजन चौऱ्याण्णव किलो होतं. आकडा स्थिर होऊ दिला, मगच घेतला.

अॅप जेवणाबद्दल फार बोलायचं नाही. ते भुकेबद्दल बोलायचं. खाण्याआधी थांबा, डोळे मिटा, विचारा, भूक कुठे आहे? पोटात, तोंडात, की मनात? असा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. आमच्याकडे 'जेवलास का?' विचारतात, तेही उत्तराची वाट न बघता ताट वाढून. मी काट्याच्या केबिनमध्ये हातात वडापाव धरून डोळे मिटायचो. आत बघितलं की भूक सापडायची नाही. तिच्या जागी दुसरंच काहीतरी बसलेलं असायचं. बहुतेक वेळा ते थांबणं असायचं. एक ट्रक गेला आहे आणि दुसरा यायचा आहे, त्यामधली रिकामी जागा. इतकी वर्षं मी ती जागा भजी, बिस्किटं आणि चहाने भरत आलो होतो.

मग मी ती भरायचं सोडलं आणि दुपारी लांबत गेल्या. तोंडात काही नसलं की डोळे बाहेर जातात. ट्रेलरच्या सावलीत झोपलेल्या ड्रायव्हरचा एक पाय उन्हात असायचा. ऊन सरकत त्याच्या गुडघ्यापर्यंत यायचं आणि तो झोपेतच पाय आखडून घ्यायचा. धुळीचा एक पट्टा रस्त्यावरून उठायचा आणि कुठे न जाता तिथेच विरायचा. मी बघत राहायचो. आपण काट्यावर उभे आहोत आणि आकडा हळूहळू उतरतो आहे, असं काहीसं उघड्या डोळ्यांनी स्वप्न पडायचं. भुकेने डोकं हलकं होत असेल, असं बायकोचं मत होतं.

"अहो, भुकेला विचारून झालं असेल तर जेवायला बसा," ती आतून म्हणायची. "भाकरी गार होतेय."

ती एक भाकरी कमी करायची नाही, मी एक कमी खायचो. उरलेली ती दुसऱ्या दिवशी कुस्करून फोडणीला टाकायची आणि तीही माझ्यासमोरच ठेवायची. अॅपच्या यादीत फोडणीची भाकरी नव्हती. सुकट नव्हती, कुळथाची पिठी नव्हती. मी जवळचं काहीतरी शोधून भरायचो आणि खोटं भरल्यासारखं वाटायचं.

पहाटे नदीकाठाने चालायला लागलो. थंडीत सावित्रीवर धुकं असतं. पाणी दिसत नाही, नुसता पाण्याचा वास येतो. धुकं उचललं की समोरच्या दरडीवर मगर पडलेली दिसायची. ती हलायची नाही. परतताना बघावं तर तिथेच, तशीच. पौषात माझं वजनही असंच शहाऐंशीवर पडून राहिलं. रोज बघावं, तिथेच. अॅपवर एक मार्गदर्शक बाई होत्या, त्या कधीमधी निरोप पाठवायच्या. त्यांनी विचारलं, आज तुम्हाला कसं वाटतंय, एखाद्या रंगात सांगा. मी लिहिलं, धुकं हा रंग चालेल का? त्यांचं उत्तर आलं, चालेल, धुक्यातही माणूस चालतच असतो. हे वाक्य त्या सगळ्यांनाच पाठवत असतील. तरी मी दुसऱ्या दिवशी थोडा पुढपर्यंत गेलो.

वजन उतरवणं वेगळं आणि वजन उचलणं वेगळं, हे अॅपला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. म्हणून मी तांदळाचं एक पोतं अर्ध्यावर आणून तोंड बांधलं आणि ते खांद्यावर घेऊन चालायला लागलो. बायकोने चार दिवस बघितलं. मग म्हणाली, "शेजारच्या बाई विचारत होत्या, तुमचे हे रोज तांदूळ फिरवून आणतात का?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, पचायला हलका होतो."

एकेका किलोने तेरा किलो गेले. शिमगा झाला, काट्यावर वर्षअखेरीची गर्दी सरली आणि मी वाडीवर निघालो. पौषानंतर वर गेलो नव्हतो. वाटेवर पळस होता, त्याखाली लाल सडा. दुसरं वळण कधी गेलं ते मला कळलंच नाही. मी थांबून मागे वळून पाहिलं, खात्री करायला. खाली हायवे पांढऱ्या दोऱ्यासारखा दिसत होता आणि कशेडी घाटाच्या बाजूला डोंगरावर निळा धूर साचला होता. पाय आपोआप उचलले जात होते. दुसऱ्या कोणाचे तरी पाय उसने मिळाल्यासारखं वाटत होतं.

आई अंगणात बसली होती. मी अगदी जवळ गेलो तरी तिने मान वर केली नाही. मग एकदम दचकली.

"कोण हाय?"

"मी, आये."

"तू? तू कसा? तुझा भाता नाय ऐकू आला." एरवी खालच्या आंब्यापासूनच तिला माझा श्वास ऐकू यायचा.

मला आनंद झाला. मी तिच्यासमोर बसलो. तिने हात पुढे करून माझा दंड धरला, मग मनगट, मग गालावरून बोटं खाली आणली. बोटं गालफडावर थांबली. तिचा चेहरा उतरत गेला.

"हाडं लागतात," ती म्हणाली. "काय झालंय तुला? साखर झाली? छातीत काय निघालंय?"

"काही नाही. मी मुद्दाम कमी केलंय. मोबाईलमध्ये एक असतं, ते सांगतं तसं खातो."

"मोबाईल सांगतो जेवू नको, न् तू जेवत नायस?"

चुलत भाऊ गोठ्यातून बादली घेऊन येत होता. तो हसत म्हणाला, "काकी, तसा मोबाईल मला पण आण म्हणावं. बायको म्हशीएवढं वाढते."

आई हसली नाही. "खोटं बोलतोय तो. आजाऱ्याच्या खांद्यावर बसून मी उतरू? एक डोली खाली पोचायच्या आत दुसरी बांधायला लागंल. नाय बसणार मी."

आणि ती उठून भिंत चाचपत आत गेली.

ज्या तेरा किलोंसाठी मी हिवाळाभर भुकेशी बोलत बसलो, ते तिच्या बोटांना तेरा किलोंचा रोग म्हणून लागले होते. उन्हाळा चालू झाला होता. हातात फार आठवडे उरले नव्हते.

मी पाणवठ्यावर जाऊन बसलो. वर रेंज नसते, त्यामुळे अॅप गप्प होतं. झऱ्याचं पाणी बारीक झालं होतं, एका पानावरून ओघळत होतं. हंडा भरायला इतका वेळ लागतो की बायका तो लावून ठेवून घरी जातात. तिथे एक हंडा लावलेला होता, कोणाचा ते माहीत नाही. पाण्याचा आवाज आधी टणक येत होता, मग हंडा भरेल तसा जाड होत गेला. मी डोळे मिटले. ऊन पापण्यांवर लाल दिसत होतं. किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. हंडा भरून वाहायला लागला तेव्हा एवढंच सुचलं की अॅपने मला जे विचारलं, ते आईला कोणीच विचारलं नाही.

मी घरी आलो. ती चुलीपुढे होती.

"आये, तू का बसत नाहीस डोलीत?"

"सांगितलं ना."

"मी आजारी आहे म्हणून. पण मी आजारी आहे असं तुला का वाटतं?"

"माझ्या हाताला कळतं."

"हाताला का कळतं?"

ती लाकूड आत सारत राहिली. मग म्हणाली, "तुझा बाप असाच झाला होता. तू महाडला शिकत होतास. तुला कळवायचं नाय बोलले. रोज रात्री पाठ चोळायची मी त्यांची. आदी मांस गेलं, मंग हाडं लागायला लागली. भात वाढायची, पण तो खाली जायचा नाय. दोन घास खायचे न् ताट सारायचे. मला सगळ्यांच्या आदी कळलं होतं. मी कोणाला बोलले नाय."

हे मला माहीत नव्हतं. मी शाळेतून आलो तेव्हा वडील अंथरुणावर होते, एवढंच मला आठवतं. त्याआधीचे महिने तिच्या एकटीच्या हातांत होते.

"मग मी काय करू म्हणजे तुला पटेल?"

"माझ्यासमोर जेव," ती म्हणाली.

तिने तांदळाचं पीठ मळायला घेतलं. डोळ्यांना दिसत नसतानाही भाकरी गोल झाली, तव्यावर फुगली. वालाचं कालवण होतं, भाजलेली सुकट होती, भात होता. मी जेवायला बसलो. ती समोर पाट घेऊन बसली आणि कान देऊन ऐकत राहिली. पहिली भाकरी संपली. तिने दुसरी वाढली. ती संपल्यावर तिने हात पुढे करून माझं ताट चाचपलं. मी ताटाखाली काही लपवलंय का, हे तिला बघायचं असावं. मग तिसरी वाढली.

मी भुकेला काही विचारलं नाही. हिवाळ्यापासून पहिल्यांदाच मी काही न मोजता जेवत होतो. गरम भाकरीचा वास, चुलीचा धूर, दारातून येणारं पिवळं ऊन, हे सगळं एकत्र घशाखाली जात होतं. बाहेर कुठेतरी म्हशीची घंटा वाजत होती. आपण अजून शाळेत आहोत, सुट्टीला आलो आहोत आणि आतल्या खोलीत कोणीतरी जागं पडून आमचं बोलणं ऐकतं आहे, असं मला वाटत राहिलं. भातावर कालवण घेतलं, तेही संपवलं. वर पातेलीच्या तळाची खरवड मागून घेतली, तेव्हा तिच्या खांद्यांतला ताण सुटलेला मला दिसला.

"जातंय खाली?"

"जातंय."

"ढेकर दे."

मी दिली. ती खोटी नव्हती.

"मंग बरा हायस," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "बांबू जुना झालाय. नवीन बघा म्हणावं."

चैत्र संपता संपता डोली उतरली. मी पुढे होतो. मी एकट्याने तिला नेलं असं काही नाही. वाटेत सगळे खांदे बदलतात, तसे आम्हीही बदलले. फक्त पुढची जागा मी कोणाला दिली नाही, डावा खांदा दुखला की उजवा दिला. आई दिसायला काडीसारखी आहे, पण डोलीतला माणूस जड होतो. घोंगडी झुलते आणि प्रत्येक पावलाला बांबू वेगळ्या ठिकाणी रुततो. ते वजन कुठल्याच काट्यावर स्थिर होणार नाही. दुसऱ्या वळणावर मागून चुलत भाऊ ओरडला, "दादा, चपला देऊ काय?" घोंगडीतून आईच त्याला म्हणाली, "तू तुझा पाय बघ."

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस ती आमच्याकडे महाडला राहिली, काळा चष्मा लावून. बायकोकडून रोज दोन भाकऱ्या माझ्या ताटात जादा पडतील याची तिने व्यवस्था केली. माझं वजन तीन किलोंनी वाढलं. दुसरा डोळा पावसाळ्यानंतर करायचा आहे, म्हणून मी पहाटे पुन्हा चालतो.

तिला वर नेलं तेव्हा मृग जवळ आला होता. चढावर झोळी लागत नाही, खुर्चीला दोन बांबू बांधले की भागतं. खुर्ची बांधत होतो तेव्हा ती म्हणाली, "उलटी बांधा."

"उलटी?"

"तोंड खाली करून. मला तुमची टकलं बघायची नायत."

म्हणून ती पाठमोरी बसून वर गेली. मी पुढे, तिची पाठ माझ्याकडे. आम्ही चौघंही पायाखालचे दगड बघत चढत होतो. मागचं सगळं फक्त तिलाच दिसत होतं आणि ती आम्हाला सांगत होती. ती निळी पत्र्याची घरं कोणाची? कोणीतरी नवीन बांधलीत, मी मान न वळवता म्हणालो. रस्ता केवढा रुंद झालाय. गाड्या मुंग्यांसारख्या चालल्यात. तो आंबा पडला वाटतं. कधी पडला? कोणी मला सांगितलं नाय. तिच्या आवाजावरून दरी थोडी थोडी खाली जात होती. ढग खाली आले होते आणि वाऱ्याला मातीचा वास नव्हता अजून.

एका ठिकाणी ती म्हणाली, "थांबा."

आम्ही बांबू खांद्यावर ठेवूनच थांबलो. माझ्या कानाशी माझाच श्वास चालला होता, पण भात्यासारखा नव्हता.

"काय दिसतंय, आये?"

"धुरकट हाय," ती म्हणाली. "अजून थोडं वर घ्या रे. मंग नदी दिसंल."

नदी दिसायला अजून एक वळण होतं. आम्ही निघालो.